शून्य कधी लिहिलं?

पालीहून बसने भाईंदर आणि तिथून चर्चगेट लोकल, असा माझा रोजचा प्रवास. मरीन लाइन्सजवळ गाडी ज्या पट्ट्यावरून धावते, तिथे एकेकाळी समुद्र होता. तो भरून जमीन काढायला बॅक बे रेक्लमेशन कंपनी निघाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि तो पैसा शेअरांत ओतला जात होता. कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 पर्यंत गेला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला, मागोमाग शेअरही.

शेअर पडल्याचं चौकातल्या पोरालाही कळलं. बँक ऑफ बॉम्बेने मात्र असेच शेअर तारण घेऊन कर्जं दिली होती. त्यातलं किती बुडालं, याचा पुरता हिशेब लोकांपुढे आला तो 1868 मध्ये बँक गुंडाळली गेल्यावर, सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगापुढे. जवळपास सगळं भांडवल गेलं होतं.

हे आठवलं ते फेब्रुवारी 2023 मध्ये. नोकरी डॉट कॉमवाल्या इन्फो एजने 4बी नेटवर्क्समधली 276 कोटींची गुंतवणूक हिशेबात शून्य केली. घरांच्या दलालांसाठी तंत्रज्ञान बनवणारी ही मुंबईची कंपनी. पालीतल्या माझ्या चुलतभावाकडे इन्फो एजचे थोडे शेअर आहेत. त्याचा फोन आला, "दादा, 276 कोटी बुडाले ना? विकून टाकू?"

मी म्हटलं, अरे, त्या तिमाहीत तिजोरीतून हे पैसे गेलेले नाहीत. ते आधीच दिले होते, आता फक्त वहीत कबूल केलं. नोकरीच्या जाहिरातींचा धंदा काल होता तसाच आहे. बरेच गुंतवणूकदार इथे थांबतात, 'एकदाचाच तोटा' म्हणून पान उलटतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. याच कंपनीने 2010 मध्ये झोमॅटोत पैसे घातले होते. 2021 मध्ये झोमॅटो बाजारात आली, तेव्हा तो नफाही कागदावरचाच होता; पण त्याला कोणी 'एकदाचाच' म्हणून बाजूला ठेवलं नाही, पारख म्हणून टाळ्या वाजवल्या. मग चुकलेली पारखही मोजायला हवी.

आणि मोजताना तारीख बघायची. जून 2023 मध्ये इन्फो एजने जाहीर केलं, की 4बीकडून मागितलेली माहिती मिळत नाही, म्हणून डेलॉइटकडून फॉरेन्सिक ऑडिट करून घेतोय. शून्य त्याच्या चार महिने आधीच लिहून झालं होतं. म्हणजे बातमी फेब्रुवारीच्या निकालाच्या टिपांतच होती, बारीक अक्षरांत. 1865 च्या भागधारकाला अशी टीप मिळाली असती, तर निदान विचारायला तोंड तरी होतं.

भावाने शेअर विकले नाहीत. पण आता त्याचा वेगळाच प्रश्न असतो: बाजारात न आलेल्या बाकीच्या कंपन्या वहीत कितीला धरल्यात, आणि तो आकडा शेवटचा कधी तपासला?