शंकाविष : निगेटिव्ह अहवालानंतरच्या भीतीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने पिशवीतून कागदांची चवड काढली. एचआयव्ही चाचणीचे सात अहवाल, चार निरनिराळ्या प्रयोगशाळांचे; सातांवरही एकच शब्द, 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. शेवटची चाचणी त्या एका प्रसंगानंतर चौदा महिन्यांनी केलेली. "सर, हे खरं असेल ना?" आम्ही हसून म्हणालो, "अरे, सातदा तेच उत्तर आलं, आठव्यांदा काय वेगळं येणार?" तो निश्चिंत होऊन गेला आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज तोच, प्रश्न तोच. आमचे काय चुकले हे समजण्यास पुढे बराच काळ जावा लागला. त्या शोधात जो इतिहास हाती लागला तो येथे मांडत आहोत. (आम्ही वैद्यकाचे नव्हे, साहित्याचे अध्यापक आहोत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

या भीतीला आपल्याकडे फार जुने नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषचिकित्सेच्या अध्यायात 'शंकाविष' सांगितले आहे. अंधारात काहीतरी टोचते, साप चावला असे माणसाला वाटते आणि विष नसतानाही ज्वर, वांती, मूर्च्छा, दाह अशी लक्षणे प्रकट होतात. यावरील उपायांत साखर, द्राक्षे, मध, मंत्रून शिंपडलेले पाणी आणि सांत्वन यांचा उल्लेख येतो. आम्हांला विशेष वाटते ते हे की, संहिताकार या रुग्णाला लबाड म्हणत नाहीत. साप नव्हता, परंतु ज्वर खरा होता. पुढच्या काळातील पुष्कळ वैद्यक एवढेही औदार्य दाखवू शकलेले नाही.

मात्र शंकाविषातली टोचणी निष्पाप आहे; अंधारात चालणे हा काही अपराध नव्हे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात 'फिरंग' रोगाचे वर्णन येते. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या या उपदंशाला मराठी बोलीने 'गरमी' म्हटले. या रोगाबरोबर भीतीचा पोत बदलला. टोचणी आता अंगाला नव्हती, मनाला होती. युरोपात एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाने 'सिफिलोफोबिया' अशी स्वतंत्र संज्ञाच घडवली : रोग नसताना तो आपल्याला झालाच आहे, या खात्रीने झुरणाऱ्या माणसांसाठी.

त्यांच्या खात्रीला थोडासा आधारही होता, हे विसरता कामा नये. उपदंश वर्षानुवर्षे अंगात दडून राहतो आणि पुढे मेंदूवर उतरतो. वेडाच्या एका प्रकारात मृत झालेल्यांच्या मेंदूत नोगुची आणि मूर यांना 1913 साली उपदंशाचे जंतू सापडले, तेव्हा ही गोष्ट निर्विवाद ठरली. जो रोग वीस वर्षे गप्प बसू शकतो, त्याचे गप्प बसणे म्हणजे नसणे, असे कोणी कसे मानावे? अशा वेळी 1906 साली वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताची चाचणी शोधली. शंकेला आता प्रयोगशाळा उत्तर देणार होती. प्रत्यक्षात या चाचणीने नवीन शंका जन्माला घातल्या, कारण कुष्ठरोग आणि मलेरिया असलेल्यांचे रक्तही कधीकधी तिच्यात 'होय' म्हणत असे.

लुडविक फ्लेक या पोलिश वैद्याने 1935 साली याच चाचणीवर एक ग्रंथ लिहिला. आमच्या मते तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा. फ्लेक यांचे म्हणणे थोडक्यात असे : उपदंश म्हणजे 'नासलेले रक्त', ही लोकसमजूत शतकानुशतके चालत आली होती, आणि त्या समजुतीच्या रेट्यानेच शास्त्रज्ञ रक्तात पुरावा शोधत राहिले. म्हणजे चाचणीच्या नळीत शिरण्यापूर्वी रक्त कथेत शिरले होते. पापाचा डाग रक्तात उतरतो, ही ती कथा.

ती कथा संपण्यापूर्वीच तिची दुसरी आवृत्ती निघाली. एचआयव्हीचा विषाणू 1983 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वेगळा करण्यात आला आणि मार्च 1985 मध्ये अमेरिकेत पहिल्या एलायझा चाचणीला परवाना मिळाला. ही चाचणी मुळात माणसांना उत्तर देण्यासाठी नव्हतीच. रक्तपेढ्यांतील पिशव्या तपासण्यासाठी ती होती. लोक केवळ तपासून घेण्यासाठी रक्तदान करू लागतील या धास्तीने तेथे निराळी चाचणीकेंद्रे उघडावी लागली. त्याच वर्षी लंडनच्या काही चिकित्सकांनी ब्रिटनच्या एका मानसोपचार नियतकालिकात 'स्यूडो-एड्स' नावाची अवस्था नोंदवली : वजन घटणे, घाम, थकवा, सारे काही एड्ससारखे, आणि कारण एड्सची भीती. दोन वर्षांनी, 1987 साली, ब्रिटिश सरकारने घरोघर पत्रके वाटली आणि दूरचित्रवाणीवर थडग्याचा दगड दाखवला. आपल्याकडे 1986 साली मद्रासमध्ये पहिले रुग्ण आढळले, 1992 साली नॅको स्थापन झाली, आणि भिंतीभिंतींवर लाल फीत आणि मृत्यू शेजारी शेजारी रंगवले गेले. पुढे 1996 नंतर संयुक्त औषधोपचाराने या रोगाचे स्वरूप पालटले, 2004 पासून भारतात सरकारी केंद्रांतून औषधे मोफत मिळू लागली; पण भीती मात्र 1987च्या भिंतीवरच राहिली.

या भीतीला राहण्यासाठी एक खोलीही मिळाली. तिचे नाव 'विंडो पिरिअड'. संसर्गानंतर चाचणीत तो दिसेपर्यंतचा हा काळ. जुन्या चाचण्यांच्या दिवसांत कोणी तीन महिने सांगे, कोणी सहा. विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळेतील चाचणीसाठी आज साधारणतः 45 दिवस पुरेसे मानले जातात. परंतु एकदा छापलेला सहा महिन्यांचा आकडा मिटत नाही. जुनी पत्रके, जुने सल्ले शंकेखोराच्या हाती लागतातच. खिडकीतून उजेड यावा अशी आपली कल्पना. येथे तिच्यातून केवळ 'पण' आत येतो.

आणि शब्दाचे काय? 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह'. 'तुम्हांला रोग नाही' असे हा शब्द म्हणत नाही. रक्ताने या परीक्षणाला प्रतिसाद दिला नाही, एवढेच म्हणतो. शास्त्राची ही सचोटी आहे. पण ज्याला निर्दोषत्वाचा निकाल हवा आहे, त्याला त्यात पुराव्याअभावी सुटका ऐकू येते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न रक्ताविषयी नव्हताच. त्याचे लग्न ठरत होते, आणि आपण त्या मुलीस योग्य आहोत की नाही, हे तो प्रयोगशाळेला विचारत होता. मधुमेहाचा अहवाल कोणी सातदा काढत नाही.

आमची चूक कोठे झाली ते 1986 सालच्या एका निबंधात सापडले. पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश अभ्यासकांनी दाखवले की, अशा रुग्णाला दिलेला दिलासा काही तास चिंता उतरवतो आणि म्हणूनच पुन्हा दिलासा मागण्याची सवय घट्ट करतो. मानेतल्या गाठी दिवसातून पन्नासदा चाचपल्या की त्या दुखू लागतात. त्या दुखतात म्हणून नवी चाचणी. चरकांचे सांत्वन एका रात्रीच्या टोचणीसाठी ठीक होते. येथे उपाय उलटा आहे : आठवी चाचणी न करणे, आरशात जीभ न पाहणे, 'खरं असेल ना?' या प्रश्नाला उत्तर न मिळता बसून राहणे, आणि हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करणे. ब्रिटनमधील रुग्णालयांत 444 रुग्णांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उपचाराच्या पाच ते दहा बैठकींचा गुण दोन वर्षांनंतरही टिकून होता.

त्याच वर्षी अमेरिकी मानसोपचारशास्त्राने 'हायपोकाँड्रिया' हे हेटाळणीचे झालेले नाव आपल्या सूचीतून काढले. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. स्वीडनमधील 1997 ते 2020 या काळातील नोंदींच्या अभ्यासात असे निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येने होणारे मृत्यू इतरांच्या सुमारे चौपट आढळले. हे वाचले तेव्हा आम्हांला आमचे ते हसणे आठवले.

विद्यार्थी पुढे उपचारांना गेला. डॉक्टरांनी त्याला आम्हांला एक निरोप द्यावयास सांगितले होते : तो प्रश्न पुन्हा आला तर उत्तर देऊ नका. त्यानंतरही दोनदा तो आला. आम्ही म्हणालो, "याचं उत्तर देणार नाही, असं ठरलंय ना आपलं?" दोन्ही वेळा पलीकडे बराच वेळ शांतता होती. तिसऱ्या वेळी फोन आला तो कोसंब्यांच्या एका पुस्तकाची प्रत ग्रंथालयात आहे का, हे विचारण्यासाठी.