उन्हाचं माप कुणी काढलं?

साखरा गावातून आम्ही बोलतोय. आज उन्हाच्या मापाची गोष्ट सांगायची आहे.

धान्याला पूर्वी शेर-पायली होती, मग किलो आला. दुधाला लिटर आहे, रानाला एकर-गुंठा आहे. पावसालाही मिलिमीटर आहे आणि त्यावर आपल्या पीकविम्याचे वाद होतात. उन्हाला आपण काय म्हणतो? कोवळं ऊन, कडक ऊन, रणरणतं ऊन. आणि एक माप आपल्या आयाबायांनी फार पूर्वी काढून ठेवलंय. "डाळीला दोन उन्हं दाखव", "कुरडयांना अजून एक ऊन लागेल", असं आपण म्हणतोच की. एक ऊन म्हणजे एका दिवसाचं ऊन. शिजवलेली हळद खळ्यावर पसरली की तिला बारा-पंधरा उन्हं लागतात, हेही आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण पौषातलं एक ऊन आणि वैशाखातलं एक ऊन सारखं नसतं. आषाढात तर दिवसभर उजेड असतो, पण पापड वाळत नाही. घरच्या वाळवणापुरता अंदाज चालतो. पण आता घराच्या छतावर आणि शेताच्या बांधावर सौर पॅनल आले. सौर कृषिपंपाचे अर्ज भरले जातात, सूर्यघर योजनेची माणसं गावात येतात, गटाला कर्ज मिळेल म्हणून सांगतात. कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो. मग त्या महिन्यात किती ऊन पडणार, हे ठाऊक नको का? म्हणून ही गोष्ट.

पाण्याचं भांडं आणि काचेचा गोळा

सावलीवरून वेळ ओळखणं फार जुनं आहे. जयपूर-दिल्लीच्या जंतरमंतरातही सावलीवरून वेळ बघता येते. पण सावली सूर्य कुठे आहे ते सांगते. त्याच्यातून किती उष्णता येते, ते सावलीला सांगता येत नाही.

ते मोजण्याची सोपी युक्ती फ्रान्समधल्या क्लॉद पुइये या शास्त्रज्ञाने १८३७-३८ च्या सुमारास केली. त्याने एक चपटं भांडं घेतलं, एका बाजूने काळं केलं, आत पाणी भरलं आणि पाण्यात तापमापक बसवला. काळी बाजू पाच मिनिटं सूर्यासमोर धरायची आणि पाणी किती अंश तापलं ते बघायचं. त्याच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं भांडं सावलीत धरायचं, म्हणजे पाण्यातून निसटणारी उष्णताही हिशेबात येते. एवढ्यावरून त्याने हवेच्या वर, एका चौरस मीटरवर किती ऊन पोहोचतं त्याचा हिशेब काढला. आज उपग्रहावरची यंत्रं तो आकडा १३६१ वॅट सांगतात. पाण्याच्या भांड्यावर काढलेलं पुइयेचं उत्तर त्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं.

दुसरी युक्ती काचेच्या गोळ्याची. १८५३ मध्ये जॉन कॅम्पबेल या स्कॉटिश गृहस्थाने लाकडी वाडग्यात काचेचा गोळा ठेवला. भिंगातून कागद जळतो तसं गोळ्यातून ऊन एकवटायचं आणि वाडग्याचं लाकूड जळायचं. १८७९ मध्ये स्टोक्स यांनी लाकडाच्या जागी तासांच्या खुणा असलेली पुठ्ठ्याची पट्टी बसवली. सूर्य सरकतो तशी पट्टीवर जळाल्याची रेघ सरकत जाते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी बघायची, म्हणजे दिवसभरात किती तास ऊन होतं ते कळतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतही सूर्यप्रकाशाच्या तासांची नोंद ठेवली जाते.

या गोळ्यात एकच उणीव आहे. तो उन्हाचे तास मोजतो, उन्हाचा जोर मोजत नाही. म्हणजे आपल्या "दोन उन्हं" सारखंच झालं.

हिऱ्याची कुडी नको म्हणणारी मुलगी

आपल्या देशात उन्हाचा जोर मोजण्याचं काम पुण्यात उभं राहिलं आणि ते उभं करण्यात पुढे होती एक बाई. तिचं नाव ॲना मणी.

ॲनाबाईंचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. वडील इंजिनिअर. घरच्या रीतीप्रमाणे आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या करायच्या होत्या. तिने कुड्या नको म्हणून सांगितलं आणि ज्ञानकोशाचे खंड मागून घेतले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून त्या बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांना अभ्यासाला दिलं काय, तर हिरे आणि माणकं! दागिना म्हणून नाकारलेल्या हिऱ्यातून प्रकाश कसा जातो, यावर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले.

या संस्थेत बायांना सहज जागा मिळत नव्हती. १९३३ मध्ये आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, तिथे गेल्या तेव्हा बाई म्हणून त्यांना आधी नकारच मिळाला होता. त्या हटून बसल्या, म्हणून पुढच्या मुलींना वाट झाली. ॲनाबाईंना जागा मिळाली, काम मिळालं, पण पदवी मिळाली नाही. त्यांनी प्रबंध दिला, तेव्हा मद्रास विद्यापीठाने सांगितलं की तुमच्याकडे एम.एस्सी. नाही, म्हणून पीएच.डी. देता येत नाही. प्रबंध तसाच राहिला.

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. जायचं होतं पदार्थविज्ञान शिकायला. जागा होती ती हवामानाची यंत्रं शिकण्याची. त्या म्हणाल्या असतील, हेही बरं. १९४८ मध्ये परत येऊन त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हे खातं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि हवामानाची साधी साधी यंत्रंही परदेशातून यायची. ती इथेच बनवायची असं खात्याने ठरवलं. ॲनाबाई १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष कामाला होते. जवळजवळ शंभर यंत्रांचे आराखडे त्यांनी पक्के करून घेतले आणि यंत्रं पुण्यात तयार होऊ लागली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

पुण्याचं माप, दावोसचं माप

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी ठरवून एकाच काळात पृथ्वीची मोजदाद केली. त्या निमित्ताने आपल्या देशात पुणे, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे ऊन मोजण्याची केंद्रं सुरू झाली आणि ॲनाबाईंच्या देखरेखीखाली ती वाढत गेली.

त्यातलं मुख्य यंत्र समजायला अवघड नाही. पितळी भाकरीएवढं एक तबक धरा. मधोमध काळी टिकली, वर काचेचे दोन घुमट, म्हणजे वारा-पाऊस लागत नाही. काळी टिकली उन्हाने तापते, कडेचा धातू तेवढा तापत नाही. या दोन्हींतल्या फरकातून अगदी बारीक वीज तयार होते आणि ती मोजली की उन्हाचा जोर कळतो. अशाच दुसऱ्या यंत्रावर एक पट्टी अशी बसवतात की सूर्याची तिरीप टिकलीवर पडूच नये. मग उरतो तो आभाळातून पसरून येणारा उजेड. आषाढात पापड का वाळत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. ढगाळ दिवशी पसरलेला उजेड असतो, थेट ऊन नसतं.

आता बाजारातला काटा आठवा. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असेल तरच आपण विश्वास ठेवतो. उन्हाच्या यंत्रांचंही तसंच आहे. देशभरची यंत्रं पुण्याच्या यंत्राशी ताडून बघतात आणि जगातली मुख्य यंत्रं दर पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला एकत्र आणून, एकाच सूर्याखाली ठेवून ताडून बघतात. म्हणून पुण्याचं एक ऊन आणि पॅरिसचं एक ऊन एकाच मापाने मोजलं जातं.

पण यंत्र गावोगाव ठेवता येत नाही. मग साखऱ्यासारख्या गावाचं ऊन कसं कळायचं? स्वीडनच्या आंग्स्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये वाट दाखवली. एखाद्या ठिकाणी काचेचा गोळाही असेल आणि जोर मोजणारं यंत्रही असेल, तर दोन्हींचा मेळ घालून सूत्र काढायचं. मग जिथे फक्त गोळा आहे तिथल्या तासांवरून जोराचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना! ॲनाबाई १९७६ मध्ये निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. तेलाचे भाव कडाडले होते, जग दुसरी ऊर्जा शोधत होतं. १९८० मध्ये त्यांनी भारतातल्या सौर उष्णतेच्या आकड्यांचा जाडजूड ग्रंथ काढला आणि पाठोपाठ रंगराजन यांच्यासोबत दुसरा. सौर यंत्रं बसवणाऱ्यांना कोणत्या भागात कोणत्या महिन्यात किती ऊन पडतं, ते त्यातून एका जागी मिळालं. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्या वारल्या.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली आणि २०११ मध्ये पहिल्या टप्प्यात ५१ नवी ऊन-मापन केंद्रं देशात उभी राहिली. आता उपग्रह वरून ढग बघतो आणि त्यावरून गावागावाचा अंदाज निघतो. तरी तो अंदाज खरा की खोटा, हे जमिनीवरच्या काळ्या टिकलीलाच विचारावं लागतं.

मग आपल्या गावाचा आकडा काय?

आपल्या मराठवाड्यात एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज पाच ते साडेपाच युनिट इतकी ऊर्जा पडते. युनिट म्हणजे वीजबिलावरचं युनिट, तेच. एप्रिल-मे मध्ये ती जास्त असते, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांत कमी.

पॅनलवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो, तो कारखान्यातल्या परीक्षेचा असतो. चौरस मीटरला १००० वॅटचं ऊन आणि पॅनलचं तापमान २५ अंश, असं धरून तो काढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतो. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे ६० अंशांवर चौदा टक्के गेली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तरी वीज त्या मानाने वाढत नाही, ती या तापण्यामुळे. शिवाय धूळ आहे, तारेतली गळती आहे. हे सगळं वजा केलं की एक किलोवॅटच्या पॅनलमधून वर्षाच्या सरासरीने रोज चार ते साडेचार युनिट हाती येतात.

हा आकडा आमच्या उपयोगी कसा पडला ते सांगतो. आमच्या गटात सौर पॅनलवर चालणारी हळद दळायची चक्की घ्यायचं चाललं होतं. पॅनल तीन किलोवॅटचे. एक विक्रेता आला आणि म्हणाला, "ताई, किलोवॅटला रोज आठ युनिट धरा, चोवीस युनिट कुठे गेले नाहीत." चोवीस युनिटांच्या दळणावर त्याने हप्ता बसवून दाखवला. आम्ही बैठकीत हिशेब मांडला. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशीसुद्धा चौरस मीटरवर सात युनिटांच्या आसपास ऊन पडतं, मग आठ युनिट येणार कुठून? खरे धरायचे बारा-तेरा. म्हणजे दळण अर्धं, कमाई अर्धी, हप्ता मात्र पूर्ण. बायांच्या बचतीतून तो भरावा लागला असता. कागद सहीविना परत गेले. आता बारा युनिटांवर हिशेब बसवून, श्रावण-भाद्रपदाचं दळण कमी धरून, आम्ही नवा अर्ज तयार करतोय.

तुमच्याही गावात कुणी आलं तर तीन गोष्टी विचारा. किलोवॅटला रोज किती युनिट धरले? पावसाळ्यातले किती? आणि कमी पडले तर लेखी हमी काय? पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवा. त्याचा उतार साधारण वीस अंश ठेवा. आपल्या जिल्ह्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढा वर दिसतो, जवळपास तेवढाच तो उतार. शेजारच्या लिंबाची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते, तेव्हा डिसेंबरातली लांब सावली आधी बघून घ्या. पॅनल सकाळी गार असतानाच पुसा.

आणि एक वही घाला. इन्व्हर्टरवर रोजचे युनिट दिसतात. ते रोज संध्याकाळी लिहायचे, शेजारी आभाळ कसं होतं ते एका शब्दात लिहायचं. बचतीचे पैसे आपण पै-पैने लिहितोच, तशीच ही उन्हाची जमा. वर्षभराची वही झाली की पुढच्या कर्जाच्या वेळी बँकेच्या साहेबापुढे ती ठेवता येईल आणि विक्रेत्यापुढेही. शेजारच्या गावातल्या गटाला द्यायलाही तीच कामाला येईल, कारण त्यांचं ऊन आणि आपलं ऊन काही वेगळं नाही.

बरंय मैत्रिणींनो, येतो आम्ही. रामराम.