चष्म्याचा नंबर घालवायचाय? लासिक, पीआरके की स्माइल, आधी हे समजून घ्या

दादर असो की गिरगाव, डोळ्यांच्या दवाखान्याबाहेरच्या पाट्या वाचून गोंधळ उडतो. लासिक, ब्लेडलेस, काँटूरा, स्माइल... पण नावं कितीही असली तरी मूळ प्रकार तीनच आहेत. आणि यातला कोणता करायचा हे बजेटपेक्षा डोळाच जास्त ठरवतो.

लेझर चालतो तो कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर. उणे नंबर असेल तर या पडद्याचा मधला भाग थोडा सपाट करतात, म्हणजे प्रतिमा नेमकी दृष्टिपटलावर पडते. त्यासाठी वापरला जाणारा एक्सायमर लेझर शरीराच्या पेशी न जाळता कापू शकतो, हे 1981 मध्ये आयबीएममध्ये काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. प्रयोग कशावर? सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर!

सर्वांत जुना प्रकार पीआरके. यात कॉर्नियावरची पातळ त्वचा काढून थेट लेझर मारतात. त्वचा पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. म्हणून तो मागे पडला, पण कॉर्निया पातळ असेल तर आजही हाच बरा.

लासिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत बसवतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्पष्ट दिसतं. पापुद्रा पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेझरने कापला की ते 'ब्लेडलेस'. काँटूरा ही वेगळी शस्त्रक्रिया नाही, कॉर्नियाच्या चढउताराचा नकाशा घेऊन केलेलं लासिकच आहे.

स्माइलमध्ये पापुद्राच नसतो. लेझर कॉर्नियाच्या आत एक चकती कापतो आणि ती 2 ते 4 मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. हे मुख्यतः उणे नंबरासाठी. डोळ्याला मार लागण्याची शक्यता असलेल्या खेळाडूंना पापुद्रा नसल्याचा फायदा होतो.

खरा हिशोब मायक्रॉनचा

कॉर्नियाची जाडी सरासरी 550 मायक्रॉन. लासिकचा पापुद्रा साधारण 110 मायक्रॉनचा, आणि प्रत्येक नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन खर्च होतात. नंबर उणे 5 असेल तर खाली 365 च्या आसपास उरतात, काळजी नाही. पण कॉर्निया 480 चा आणि नंबर उणे 8 असेल तर उरतात जेमतेम 250, आणि ती किमान मर्यादा मानली जाते. त्याखाली गेल्यास कॉर्निया फुगून नजर कायमची बिघडू शकते. अशांना डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स सुचवली जाते. म्हणूनच टोपोग्राफी आणि जाडीची तपासणी न करता तारीख देणाऱ्या ठिकाणी जाऊच नये.

वय किमान 18 आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना थांबावं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीच्या आधी एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर डोळे चोळायचे नाहीत, पोहायचं नाही. लालबागच्या मिरवणुकीत गुलाल खेळायचा असेल तर तारीख गणपतीनंतरचीच घ्या. डोळे काही महिने कोरडे वाटू शकतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. चाळिशीचा वाचनाचा चष्मा मात्र लेझरने टळत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर नंबर 7.5 पेक्षा कमी असल्यास आरोग्य विम्यातून पैसे सहसा मिळत नाहीत.

आणि एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या आसपास वाढलेल्या कित्येक मुलांचं स्वप्न लोको पायलट व्हायचं असतं. सहायक लोको पायलटसाठी ए-1 ही सर्वांत कडक वैद्यकीय श्रेणी लागते. तिथे चष्मा चालत नाही, आणि लासिक केलेला उमेदवारही अपात्र ठरतो. तेव्हा भरतीची तयारी सुरू असेल, तर दवाखान्यात जाण्याआधी त्या पदाच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा. नंतर लपवायचं म्हटलं तरी टोपोग्राफीत सपाट केलेला कॉर्निया दिसतोच.