रिक्त पदे हीच कपात

अग्निशमन विभाग उत्पन्न देत नाही, नुसता खातो. जवान दिवसचे दिवस केंद्रात बसून असतात. नव्या इमारतींत आग विझवण्याची यंत्रणा कायद्यानेच बसवलेली असते. पूर आलाच तर एनडीआरएफ येते. तेव्हा पैशांची ओढाताण असताना या विभागावर हात आखडता घेतला, तर शहराचे फारसे बिघडत नाही. महापालिकांच्या अर्थसंकल्पाच्या दिवसांत हे मत अधिकाऱ्यांच्या, नगरसेवकांच्या आणि करदात्यांच्याही तोंडी असते. ते बेजबाबदार लोकांचे मत नाही, त्यामागे हिशेब आहे. म्हणूनच त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

आधी नागपुरात कपात होते कशी, ते पाहू. ‘अमुक केंद्र बंद करा’ असा ठराव सभागृहात आणावाच लागत नाही. निवृत्त झालेल्या जवानाची जागा भरली नाही की कपात आपोआप होते. तिच्यावर चर्चा होत नाही, मतदान होत नाही. 2023 च्या अखेरीस महापालिकेने अग्निशमन विभागातील 350 पदांची जाहिरात काढली. त्यांतली 297 पदे अग्निशामक विमोचकाची, म्हणजे प्रत्यक्ष नळी धरून आत शिरणाऱ्या माणसाची होती. भरती निघाली हे चांगलेच झाले. पण एकाच वेळी इतकी पदे भरावी लागतात, याचा अर्थ त्याआधी वर्षानुवर्षे ती रिकामी ठेवून शहर चालवले गेले. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात याचा जाब विचारणारे सभागृहही नव्हते.

आता पहिला आक्षेप, जवान बसून असतात हा. एका बंबावर एक अधिकारी किंवा प्रमुख अग्निशामक, एक चालक-यंत्रचालक आणि नळीवर चौघे, अशी सहा माणसे धरू. तीन पाळ्या आणि आठवड्याचे सात दिवस धरले तर 126 पाळ्या होतात. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणजे 21 माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की आकडा पंचविसाच्या जवळ जातो. एक बंब चोवीस तास तयार ठेवण्याची ही किंमत आहे. पंचविसांतले दहा कमी केले तर बंब बंद पडत नाही, तो चौघांना घेऊन निघतो. एकाने पंप सांभाळायचा, एकाने बाहेरून सूचना द्यायच्या आणि आत जायला उरले दोघे. ते धुरात अडकले तर त्यांना काढायला तिसरा नसतो. कागदावर केंद्र चालू असते, गाडी रस्त्यावर दिसते आणि तिची निम्मी ताकद गेलेली असते. कॉल नसताना बसलेला जवान म्हणजे वाया गेलेला पगार नव्हे. तो बसलेला असतो म्हणूनच कॉल येताच मिनिटाभरात निघू शकतो.

हे मिनिट पूर्वीपेक्षा महाग झाले आहे. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. एकीत लाकूड-कापसाचे जुन्या धर्तीचे सामान, दुसरीत फोम आणि कृत्रिम धाग्यांचे आजचे सामान. जुनी खोली एकदम भडकायला अर्धा तास लागला, नवी चार मिनिटांच्या आत भडकली. आपल्या दिवाणखान्यातला सोफा आणि पडदे आज या दुसऱ्या जातीचे आहेत. आग विझवण्याच्या साधनांत सुधारणा झाली हे खरे, पण आग त्याहून वेगाने बदलली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जगभर शहरे केंद्रे कमी करत आहेत, मग आपणच का वाढवावीत? लंडनने जानेवारी 2014 मध्ये दहा केंद्रे एकदम बंद केली, पाचशेहून अधिक पदे रद्द केली आणि तरीही पहिला बंब सरासरी सहा मिनिटांच्या आत पोहोचत राहिला. उदाहरण खरे आहे. मात्र ते पूर्ण वाचावे. कपातीनंतर लंडनमध्ये सुमारे 1,570 चौरस किलोमीटरला शंभराहून अधिक केंद्रे उरली, म्हणजे एका केंद्राकडे साधारण 15 चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेचे क्षेत्र सुमारे 225 चौरस किलोमीटर आहे आणि सिव्हिल लाइन्स, गंजीपेठ, सक्करदरा, कॉटन मार्केट, लकडगंज, कळमना, सुगतनगर, नरेंद्रनगर, त्रिमूर्तीनगर अशी केंद्रे मोजत गेले तर संख्या दहाच्या आसपास थांबते. एका केंद्राकडे 22 चौरस किलोमीटरहून अधिक. शहरी भागात दर दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र, हा केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. लंडनची कपात जिथे थांबली, तिथवर आपण अजून पोहोचलेलोच नाही.

सरासरीवर विसंबण्याचा धोका न्यूयॉर्कने दाखवला. 1970 च्या दशकात तिथे रँड संस्थेच्या गणिती प्रतिमानांच्या आधारे तुकड्या उठवल्या गेल्या. जिथे केंद्रे दाट आहेत तिथली एक कमी केली तर पोहोचण्याची सरासरी वेळ किंचितच वाढते, असे ते गणित सांगत होते. पण केंद्रे तिथे दाट होती, कारण आगीही तिथेच दाट होत्या. साउथ ब्राँक्सच्या गरीब वस्त्यांना ही कपात भोवली. 1970 ते 1980 या काळात ब्राँक्सच्या सात जनगणना-विभागांनी आगीत आणि ओसाडीत 97 टक्क्यांहून अधिक इमारती गमावल्या. त्या ऱ्हासाला इतरही कारणे होती, पण संकटाच्या मध्यात तुकड्या काढून घेणे हे त्यांतले एक होते. नागपुरातही सरासरीने इतवारीच्या गल्ल्या, लकडगंजच्या आरा मशीन आणि उन्हाळ्यात धुमसणारा भांडेवाडीचा कचरा दिसत नाही. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यावर वाचलेले मिनिट महाल भागातल्या बोळात उपयोगी पडत नाही.

तिसरा आक्षेप, इमारतींनी स्वतःची काळजी घ्यावी. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 तेच सांगतो. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे. ऐकले नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत अधिकार आहेत. पण हा कायदा राबवतो कोण? तपासणी करणारा, नोटीस काढणारा अधिकारी याच विभागाचा आहे. विभाग लहान केला की कायदा कागदावर राहतो. कागदावरचा कायदा काय करतो, हे विदर्भाने 2021 मध्ये पाहिले. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षात दहा बाळे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 9 एप्रिलला, नागपूरला खेटून असलेल्या वाडीत एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून चार रुग्ण दगावले.

राहिला पूर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. राज्य आपत्ती प्रतिसाद दल (एसडीआरएफ), एनडीआरएफ आणि लष्कर मदतीला आले. पण एसडीआरएफच्या नागपूरच्या तुकडीला अवघा विदर्भ पाहायचा असतो. तोच पाऊस गडचिरोली-गोंदियात असता, तर ती तिकडे असती. शहराचे स्वतःचे म्हणावे असे दल एकच आहे.

आणि हे शहर नागपूर आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी इथे आले. तेव्हापासून देशभरातले अधिकारी बंब कसा चालवावा, तुकडी कशी बांधावी हे या शहरात शिकून जातात. ते जे शिकतात ते या शहराच्या केंद्रांतच दिसू नये, ही स्थिती बदलायला पैशाआधी इच्छा लागते. पैशाचीही एक वाट आहे: पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची तरतूद केली आहे. पण तो निधी विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी आहे. जवानांचा महिन्याचा पगार महापालिकेनेच द्यायचा आहे. गाड्या घेऊन माणसे न घेणे, ही कपातीचीच दुसरी तऱ्हा होईल.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा रस्ते आणि पाणीपुरवठा यांच्याच रांगेत आहे. रस्त्यांचा हिशेब सभागृह किलोमीटरने मागते. मग अग्निशमनाचाही तो दहा झोननिहाय मागावा: प्रत्येक पाळीत प्रत्येक बंबावर किती माणसे होती, पहिला बंब किती मिनिटांत पोहोचला, किती इमारतींची तपासणी झाली. हे आकडे दर अर्थसंकल्पाबरोबर पटलावर ठेवावेत. त्यानंतर कुणाला कपात हवी असेल, तर त्याने ती उघड ठरावाने मागावी आणि त्यावर मतदान करावे. रिकाम्या खुर्च्यांच्या आडून होणारी कपात मात्र यापुढे कोणत्याही नगरसेवकाने चालू देऊ नये.