कुरणावरची शाळा

‘मठ्ठ’ हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यांत फार सहज येतो. एखादें मूल चार दिवस शाळेंत येतें, आठ दिवस दिसेनासें होतें. प्रश्न विचारला असतां मान खालीं घालून उभें राहतें. आणि तेवढ्यावरून त्याच्याविषयींचा निकाल लागून जातो. अशा निकालानें मुलाचें भवितव्य कसें घडतें वा बिघडतें, हें समजण्यास डहाणू-तलासरी भागाचा इतिहास फार उपयोगी आहे. तोच आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

१९४५ हें साल या भागाला दोन कारणांनीं संस्मरणीय झालें. त्या वर्षाच्या मे महिन्यांत, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं हजारों वारली जमले आणि यापुढें वेठबिगार करावयाची नाहीं, असा त्यांनीं निर्धार केला. त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलेलें होतें. बोर्डीस अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

वारल्यांचीं मुलें शाळेंत टिकत नाहींत. यावरून त्यांना शिक्षणाची आवड नाहीं, त्यांची बुद्धि मंद, असें म्हणणारे पुष्कळ होते. या बायांनीं निराळा प्रश्न विचारला : हें मूल दिवसभर करतें तरी काय? उत्तर पाड्यावर गेल्याबरोबर मिळालें. मुलगा गुरें राखीत होता, मुलगी कडेवर धाकटें भावंड घेऊन हिंडत होती. आळशी म्हणून ज्यांची गणना झाली होती, तीं मुलें घराचा भार उचलीत होतीं.

मग शाळाच मुलांकडे गेली. गुराख्यांसाठीं कुरणावर ‘कुरणशाळा’ भरूं लागली. पाड्यांतील एखाद्या घरापुढें ‘आंगणवाडी’ सुरू झाली. खडे, पानें, बिया हींच शिकण्याचीं साधनें झालीं. ‘विकासवाडी’ म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकत्र. धाकट्याला पाळणाघरांत ठेवून बहिणीनें वर्गांत बसावें, ही त्यांतील सोय. मुलें तीच राहिलीं. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टि पालटली आणि त्याबरोबर शाळेची घडीहि पालटली.

पुढें अमेरिकेंत रोझेन्थाल व जेकबसन या संशोधकांनीं याच विषयावर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. एका शाळेंतील सुमारें पंचमांश मुलांचीं नांवें त्यांनीं कोणताहि गुण न पाहतां निवडलीं आणि हीं मुलें यंदां विशेष प्रगति करतील, असें शिक्षकांना सांगितलें. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत अशा मुलांची प्रगति इतरांहून अधिक दिसली. हा परिणाम केवढा मानावा, याविषयीं विद्वानांत पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु तेथें शिक्षकांना फसवून जी आशा निर्माण करावी लागली, ती बोर्डी-कोसबाडला मुलांचें जीवन डोळ्यांनीं पाहून आली होती, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

मात्र केवळ शिक्षकाच्या सद्भावनेनें सर्व होतें, असें कोणी मानूं नये. उपाशी मुलाला आशेनें अक्षर येत नाहीं. ताराबाईंना शाळेची वेळ, जागा आणि साधनें हीं सर्व बदलावीं लागलीं. १९७५ सालीं देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेंत अंगणवाडी हें नांव गांवोगांव पोंचलें. नांव पोंचलें, तशी ती दृष्टिहि पोंचली पाहिजे. एखाद्या मुलाच्या नांवापुढें ‘मंद’ असा शेरा लिहिण्यापूर्वीं शिक्षकानें एकदां त्याच्या घरापर्यंत चालत जावें. कोसबाडच्या टेकडीनें शिकविलेला पहिला धडा हाच आहे.