वासराला ‘ते’ का म्हणतात? तासगावच्या गोठ्यातून जर्मन

आजचा भाग आहे जर्मन भाषेवर, पण सुरुवात होते तासगावजवळच्या एका गोठ्यात. ऐका.

माझ्या मामेबहिणीचं नर्सिंग झालंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आमच्याकडे घराघरात जर्मनीची चर्चा सुरू झाली. तिनेही क्लास लावला. फीसाठी मामाने कोल्ड स्टोरेजमध्ये दर वाढायची वाट बघत ठेवलेला बेदाणा आहे त्या भावात काढून टाकला. म्हणजे हे काही टाइमपास म्हणून शिकणं नव्हतं. तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर साधारण बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं, आणि ही एवन पातळीवरच अडकलेली.

अडकली कुठे? देअर, डी, दास. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि ते पाठ करावं लागतं. त्या आठवड्यात धडा होता पाळीव प्राण्यांचा. संध्याकाळी गोठ्यासमोर बसून ती मोबाईलवर बघून घोकत होती. शेवटी मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणाली, “दादा, मला नाही जमायचं हे. सोडून देते.”

आज्जी धार काढत होती. तिथूनच तिने विचारलं, “गाईला काय म्हणत्यात गं तिकडं?”

“डी कू. डी म्हणजे ती.”

“आणि बैलाला?”

“देअर ऑक्से. तो.”

“वासराला?”

“दास काल्प. दास म्हणजे...” आणि ही थांबली.

“ते,” आज्जी म्हणाली. “मग येगळं काय हाय? आपण बी ते वासरूच म्हणतो की.”

मंडळी, मी इतिहासाचा पॉडकास्ट करतो, पण ही गोष्ट मला आज्जीने दाखवली. मग मी यादीच काढली. शेळी ती, जर्मनमध्ये डी त्सीगे. कोकरू ते, जर्मनमध्ये दास लाम. करडू ते, दास त्सिकलाइन. घोड्याचं शिंगरू ते, दास फोलन. कोंबडीचं पिल्लू ते, दास क्यूकन. कुत्रा तो, देअर हुंट. आणि एकूणच जनावर ते, दास टीअर. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे सगळं नवं असतं, कारण इंग्रजीत नामांची लिंगं कधीच गळून गेली. हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही. मराठीत, कोकणीत, गुजरातीत ते टिकलं. आपल्याला तीन लिंगांची सवय दुधाबरोबर मिळते.

हा योगायोग आहे का? तीन लिंगं असणं, हा नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने एक मुद्दा मांडला की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य इतकं आहे की त्या एकाच मुळातून आलेल्या असणार. मग १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने या भाषांची क्रियापदं शेजारी ठेवून ते नातं तपशिलात दाखवलं. जर्मन त्याच कुटुंबातली.

प्राण्यांच्या शब्दांत हे नातं चटकन दिसतं. संस्कृत गो आणि जर्मन कू. उक्षन् म्हणजे बैल, आणि जर्मन ऑक्से. हंस आणि गान्स. श्वन् आणि हुंट हेसुद्धा मुळात एकच, फक्त उच्चार फार बदललेत. आणि तासगावकरांनो, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या आपल्या गणपती मंदिरात जाता ना? त्या बाप्पाचा मूषक आणि जर्मन माउस, म्हणजे उंदीर, एकाच मुळातले.

आता व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं “जर्मन संस्कृतातून निघाली” असं म्हणू नका हं. ती मुलगी नाही, चुलत बहीण आहे. दोघींचं घराणं एक, संसार वेगळे. म्हणूनच सगळं जुळत नाही. मूषक तो, पण माउस डी. कुत्र्याचं पिल्लू ते, पण जर्मन वेल्पे देअर. आणि लहान रूपाच्या शब्दाला शेवटी ‘लाइन’ लागलं की तो नेहमी दास, तो त्यांचा स्वतःचा नियम. मामेबहिणीने वहीत दोन रंग केले. जुळणारे शब्द निळ्या पेनाने, न जुळणारे लाल. पाठ फक्त लाल करायचे. ओझं बरंच उतरलं.

मग घरच्या मोत्यावर सराव सुरू झाला. पाळीव प्राणी म्हणजे हाउसटीअर, घर अधिक जनावर. जनावरांचा डॉक्टर टीअरआर्त्स्ट. साखळीला किंवा पट्ट्याला लाइने, खाण्याला फुटर. आणि कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ते माउलकोर्प, शब्दशः तोंडाची टोपली. आज्जी म्हणाली, “मुसकी म्हण की सरळ.” बैलाने पीक खाऊ नये म्हणून बांधतो ती.

पण यातलं ‘माउल’ सांभाळून वापरायचं. ते जनावराचं तोंड. माणसाच्या तोंडाला मुंट म्हणतात. माणसाला माउल म्हटलं तर आपल्याकडे थोबाड म्हटल्यासारखं. खाण्याचंही तसंच. माणूस खातो त्याला एसन, जनावर खातं त्याला फ्रेसन. मोत्यासाठी फ्रेसन बरोबर. पण उद्या हॉस्पिटलमध्ये एखाद्या आजोबांच्या जेवणाबद्दल हीच नर्स फ्रेसन म्हणाली, तर? “आजोबा चरले का?” असं विचारल्यासारखं होईल. व्याकरण बरोबर असेल, पण आजोबा दुखावतील. म्हणून कुत्र्या-मांजराचा धडा सोपा म्हणून उरकायचा नाही. जनावराशी कसं बोलतात हे कळलं, की माणसाशी कसं बोलू नये तेही कळतं.

ती अजून गेलेली नाही. परीक्षा बाकी आहेत, बेदाण्याचे पैसेही अजून वसूल व्हायचेत. पण सोडून देते, असं परत म्हणाली नाही. आता रोज संध्याकाळी मोत्यापुढे भाकरी ठेवते आणि म्हणते, “देअर हुंट फ्रिस्ट.” मग आत येऊन आज्जीला ताट वाढते आणि म्हणते, “ओमा इस्ट.” ओमा म्हणजे आज्जी.

तुम्हीही जर्मन शिकत असाल तर आज रात्री एवढंच करा. वहीत दहा प्राणी लिहा, पुढे तो, ती, ते लिहा, आणि मग जर्मनशी ताडून बघा. किती निळे निघाले, किती लाल, मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!