भोंगा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त नातीचे. तिने पॅरिसहून एक व्हिडिओ पाठवला. उंच अंधारी इमारत, भिंतींवर आणि जमिनीवर वाहणारी रंगीत चित्रे, सोबत संगीत. माणसे अगदी चित्रातच उभी! "आजी, इथे पूर्वी लोखंडाचे ओतकाम व्हायचे," ती म्हणाली. 1835 सालचा हा कारखाना 1929 मध्ये बंद पडला आणि 2018 साली तिथे प्रकाश-ध्वनीचे खेळ सुरू झाले.

मला मात्र आपली एम्प्रेस मिल आठवली.

जमशेटजी टाटांनी ही गिरणी मुंबई सोडून नागपुरात काढली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि 1867 मध्ये रेल्वेही आलेली. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत त्यांनी भर घातली, तेव्हा हा माणूस सोने मातीत घालतोय असे एक सावकार म्हणाला होता म्हणतात. पुढे त्यानेच कबूल केले, की माती घालून सोने काढले. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. 1886 मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड होता, हे आजही नवल वाटते.

आमच्या लहानपणी घरात घड्याळ एकच, तेही मागे पडणारे. आई गिरणीच्या भोंग्यावर कणीक मळायला घ्यायची.

शेजारचे काका शहरातल्या एका गिरणीत मागावर होते. त्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून कामगार ओठांच्या हालचालींवरून समजून घेत. आम्ही मुली अंगणाच्या त्या टोकाला चिंचा पाडायचा बेत कुजबुजत करायचो आणि काका ओट्यावरून हसत म्हणायचे, "मला पण आणा गं दोन!" आम्हाला ती जादू वाटायची. ती जादू नव्हती, पोटासाठी शिकावी लागलेली विद्या होती, हे फार उशिरा कळले.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तिथेही दिवे आहेत, गाणी आहेत. फक्त गिरणीचा आवाज नाही.

उद्या कुणी नागपुरात तसा खेळ करायचे ठरवले, तर चित्रे मिळतील, फोटो मिळतील. पण तो भोंगा कुठून आणायचा? तो आता आमच्यासारख्यांच्या कानातच उरला आहे, आणि आमचे कान काही कायमचे नाहीत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात गिरणीत काम केलेले कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, मोबाईल सुरू करा आणि विचारा, आवाज कसा होता? मी काकांना कधी विचारले नाही.